बर्फात लोटलेली शेगडी

मी तंबूतली शेगडी बोलतेय. पत्र्याची, काळी, तोंडाची फटकळ. गोड बोलणं मला जमत नाही, ऊब देणं जमतं.

फिनलंडातल्या एका खेड्यातल्या लोहारानं मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच हिवाळ्यात रशियाशी लढाई पेटली आणि माझी रवानगी सैन्यात झाली. घसरगाडीवर बसून जंगलं पालथी घातली. थांबलं की तंबू ठोकायचा, मधोमध मला मांडायचं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाय करून पडायचं. गोठून दगड झालेले पाव कुऱ्हाडीनं फोडून माझ्या डोक्यावर मऊ करायचे. रोज पहारा, रोज गोळीबार, रोज कुणाची तरी बोटं थंडीनं काळी पडलेली. लढाई लढाई म्हणतात ती मला तरी ओल्या मोज्यांच्या वासाचीच वाटली.

दिवसा फक्त उभ्या-उभ्या वाळलेल्या झाडाचं लाकूड जाळायचं, म्हणजे शत्रूला धूर दिसत नाही. हा आमच्या तुकडीच्या नायकाचा, तावेत्तीचा दंडक. माणूस कडक. पण शनिवार उजाडला, आणि शनिवारी वाफेचं स्नान नाही म्हणजे या लोकांचा जीव कासावीस होतो!

"नायक, उवासुद्धा कंटाळल्या मला," एल्यास म्हणाला. सगळ्यांत बडबड्या हाच.

"राहू दे. तुझ्या वासानं रशियन पळतील."

"पळाले असते तर घरी नसतो का बसलो! शनिवार आहे हो आज."

तावेत्तीला हसू आलं. तिथंच चुकला.

माझ्यावर दगड तापवले, पाणी ओतलं. उघडेनागडे बाप्ये पोरांसारखे खिदळायला लागले. मग जीव गुदमरला म्हणून कुणीतरी तंबूचं दार उघडलं. गोठलेल्या हवेत वाफेचा पांढरा खांब झाडांच्याही वर गेला. अरे मूर्खांनो, धूर नको म्हणून एवढं जपता आणि हे काय?

तोफगोळे आले. एल्यासची मांडी फाटली. तिथून तत्काळ निघायचं होतं आणि घसरगाडी एकच. तिच्यावर एक तर मी, नाहीतर एल्यास.

"शेगडी घ्या रे! मी येतो रांगत," एल्यास ओरडला.

"गप पड."

"नायक, रात्री सगळे गोठाल!"

"मी हसलो म्हणून झालं हे," तावेत्ती म्हणाला. "चिकटून झोपू सगळे. चढवा त्याला."

आणि मला लाथेनं बर्फात लोटलं. चर्रर्र झालं अंगाचं.

राग नाही मला. त्याला टाकून मला नेलं असतं, तर निखारा धरला नसता मी पोटात!

लढाई थांबली. हा मुलूख रशियाकडे गेला, माझी माणसं इकडे फिरकली नाहीत. पोट गंजलंय, अंगावर शेवाळ चढलंय. मला उचलून नेऊ नका, काचेच्या कपाटात तर मुळीच नको. पण जंगलात फळं वेचायला येता ना तुम्ही? मग एखादा लंगडा, बडबड्या म्हातारा कुठं भेटला का, तेवढं सांगा. आणि त्या रात्री चिकटून झोपलेले सकाळी उठले का, तेही.