घड्याळवाल्याचा फेटा

ऑर्केस्ट्राची गाडी घाटात अडकल्याचा फोन आला तेव्हा भैरोबाच्या देवळासमोर माणूस मावत नव्हता. कैलास हा गावच्या यात्रा कमिटीचा अध्यक्ष आणि लोणावळ्यातला चिक्कीचा दुकानदार. सुट्ट्या जोडून आल्या की निम्मी मुंबई घाट चढून येते आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याच गर्दीवर त्याचं दुकान चालतं. पण यात्रेच्या धावपळीत ऑर्केस्ट्रावाल्यांना सकाळीच निघायला सांगायचं राहून गेलं होतं.

"कुठवर आलात?" त्यानं फोनमध्ये ओरडून विचारलं.

"खोपोलीच्या वर, साहेब. गाडी बंद करून खाली उतरलोय. आमचा ढोलकीवाला भेळ खातोय."

कैलासनं कपाळावर हात मारला. सूर्य डोंगराआड गेला होता. कुसगावपासून वरच्या ठाकरवाडीपर्यंतची माणसं पोरंबाळं घेऊन येऊन सतरंज्या अंथरून बसली होती. ती कंटाळून उठून गेली असती, तर 'यंदा जत्रा फसली' हे पुढच्या यात्रेपर्यंत ऐकावं लागलं असतं.

बायकांमध्ये बसलेली त्याची काकू सविता म्हणाली, "एवढा घाम कशाला गाळतोस? तुझे काका आहेत की."

"काका काय करणार? गाणं म्हणणार?"

"गाणं कसलं! घरात खोकायचं झालं तरी दार लावून घेतात. पण ती मुकी माणसं आहेत ना त्यांच्याकडं, डब्यांत भरून ठेवलेली. ती लाव."

कैलासचे हे काका, सीतारामभाऊ, त्या वेळी देवळामागच्या पारावर, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा बेतानं, पुस्तक वाचत बसले होते. सारा जन्म त्यांनी लोणावळ्याच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात घालवला. वाचकाशी बोलायची वेळ आली तर पुस्तक पुढं सरकवायचं, एवढंच त्यांचं संभाषण. निवृत्तीच्या सुमारास तुंगार्लीतला एक पारशी बंगला विकला गेला आणि त्यातलं सामान भंगारवाल्याकडं आलं. त्यात एक प्रोजेक्टर होता आणि पत्र्याच्या गोल डब्यांत सिनेमे होते. छोटे छोटे, मुके, शंभर वर्षांपूर्वीचे. काही हसवणारे, काही रडवणारे. सीतारामभाऊंनी ते घरी आणले, तुटलेली फीत चिकटवायला शिकले आणि आतल्या खोलीच्या चुन्याच्या भिंतीवर एकटेच पाहू लागले.

एकटे हसताना त्यांना नेहमी चुकल्यासारखं व्हायचं. हे सिनेमे एकट्यासाठी केलेले नाहीत, शेजारचा हसतोय म्हणून आपण हसावं यासाठी ते केलेले आहेत, असं त्यांना आतून वाटायचं. म्हणून त्यांनी एकदा वाचनालयाच्या सभागृहात खेळ लावला. चार माणसं आली. त्यांतली दोन पावसातून आडोशाला शिरलेली. राहिलेल्यांपैकी एकानं अर्ध्यावर विचारलं, "आवाज कधी चालू होणार?" सीतारामभाऊंनी त्याची क्षमा मागितली होती.

दोष सिनेमांचा नाही, आपलाच, असं त्यांनी ठरवून टाकलं. आपल्याला जे आवडतं ते जगातून केव्हाच उठून गेलं आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला होकार कळवला. सोमवारी टेम्पो येणार होता. प्रोजेक्टर कुठल्याशा रिसॉर्टच्या दारात शोभेला उभा राहणार होता. फितींचं काय करणार, हे त्यांनी विचारलं नाही. उत्तर ऐकवलं नसतं. मनात एकच रुखरुख होती. एकदा, फक्त एकदा, भरल्या माणसांत हे बघायला मिळायला हवं होतं.

"काका, मशीन चालू आहे का तुमचं?" कैलास धापा टाकत समोर उभा राहिला.

"आहे. पण..."

"पण नको. उठा."

"लोक हसतील रे."

"हसावं म्हणूनच लावायचंय ना?"

"तसं नव्हे. मला हसतील."

मागून आलेल्या सवितानं त्यांच्या हातातलं पुस्तक मिटलं. "हसू द्या. इतकी वर्षं मी एकटीच हसतेय तुम्हाला. मलाही जरा सोबत."

मग काय, प्रोजेक्टर छोट्या टेम्पोतून आला, स्टेजवर मांडववाल्याचं पांढरं कापड ताणून बांधलं गेलं आणि सीतारामभाऊ माणसांच्या मधोमध, टेबलापाशी उभे राहिले. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पहिल्यांदा घड्याळवाल्याचा सिनेमा लावायचा. तो हसवणारा. लोक एकदा हसले की निभावेल. डब्यांवर नावं लिहिलेली होती, पण चष्मा पारावर, त्या पुस्तकात खूण म्हणून राहिलेला. अंदाजानं त्यांनी एक डबा उघडला, फीत ओवली आणि दिवा लावला.

पडद्यावर रेल्वेचं फाटक आलं.

हा रडवणारा होता. फाटकवाल्याच्या बायकोचा. आता थांबवावा तर आणखी शोभा. पडद्यावर एक बाई चुलीपाशी वाकलेली, एक तान्हं रांगतंय, नवरा तापानं फणफणलेला. सगळं चिडीचूप. नुसती प्रोजेक्टरची टरटर.

थोडा वेळ माणसं थांबली. मग मागून एक पोरगा ओरडला, "काका, आवाज कुटं गेला? त्योबी घाटात आडकला का?"

पटांगणभर हशा पिकला. वाचनालयातला तो खेळ सीतारामभाऊंच्या डोळ्यांपुढून गेला. त्यांचा हात बटणाकडं वळला.

तेवढ्यात पडद्यावर इंग्रजी अक्षरांची पाटी आली आणि टेबलाच्या अगदी पुढ्यात बसलेली गंगी वळली. ठाकरवाडीतली ही म्हातारी दर सुट्टीला लोहगडवाडीच्या वाटेवर ताक विकते. गिऱ्हाइकाला हाक मारून मारून तिचा आवाज खणखणीत झालेला.

"भाऊ, काय म्हणती ती बाय? आमाला न्हाई वाचता येत. सांगा की!"

कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचं, एवढी सवय सीतारामभाऊंना होती. ते वाकून तिला म्हणाले, "ती म्हणते, नवरा उठू शकत नाही. आज फाटक मीच सांभाळीन."

"आन् पोर?"

"पोराला ती खाटेच्या पायाला बांधते. ते बघा. पण गाठ सैल राहिलीय. तिला ठाऊक नाही."

"अगं बया!" गंगी म्हणाली आणि तिच्या मागच्या चार रांगा पुढं सरकल्या.

सीतारामभाऊंना वाटत होतं की आपण एकट्या गंगीशी बोलतोय. थोड्या वेळानं कुणाचा तरी आवाज लिंबाच्या झाडावरच्या कर्ण्यातून घुमताना त्यांना ऐकू आला. जाडसर, सावकाश, समजुतीचा. हा कोण बरं बोलतोय? मग त्यांनी पाहिलं, कैलासनं देवळातला माइक गुपचूप त्यांच्या तोंडाशी धरला होता. कर्ण्यातला तो आवाज त्यांचाच होता.

ते थांबले.

"थांबू नगा ओ!" गंगी कडाडली. "पोर सुटलं! रुळाकडं चाललंय!"

खरंच पोर सुटलं होतं. रांगत रांगत ते रुळांच्या मध्ये जाऊन बसलं होतं आणि हसत होतं. लांबून धूर दिसायला लागला. आणि हलगी वाजली.

माऊली हलगीवाला दुपारच्या कुस्त्यांना वाजवून दमून बसला होता. ऑर्केस्ट्रा आल्यावर आपल्याला कोण विचारतंय, म्हणून हलगी शेकत ठेवून विडी ओढत होता. पडद्यावरची गाडी दिसली आणि त्याचा हात आपोआप गेला. पैलवान एकमेकांचा अंदाज घेत गोल फिरतात तेव्हा वाजवतात तसा, दबक्या चालीचा ठेका. मग गाडी जवळ आली तसा ठेका वाढला.

"बाईनं मागं पाहिलं!" सीतारामभाऊ म्हणाले, आणि आता त्यांना कर्ण्याची भीती वाटली नाही. "पोर लांब आहे, गाडी जवळ आहे. पोराकडं धावली तर पोचत नाही. म्हणून ती गाडीकडं धावतेय! गाडीच्या तोंडावर! अंगावरची शाल तिनं काढलीय, शाल फडकवतेय. लाल शाल!"

सिनेमा काळा-पांढरा होता. शाल लाल आहे हे कुणी लिहिलेलं नव्हतं. पण त्या क्षणी पटांगणात बसलेल्या प्रत्येकाला ती लालच दिसली.

"आगं पळ!" बायका उभ्या राहिल्या. "ओ डायवर, बिरेक मारा!" कुणीतरी ओरडलं, आणि कुणी हसलं नाही. हलगी कडाडत होती. इंजिन पोरापासून हातभर अंतरावर थांबलं तेव्हा पटांगणातून असा एक उसासा निघाला की पडद्याचं कापड हललं असं सीतारामभाऊंना वाटलं. गंगी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "गाठ नीट बांधाय नगं व्हय, भवाने!" आणि रडता रडता माणसं हसायला लागली.

मग घड्याळवाला लागला.

हा एक किडमिडा माणूस. बायकोला भेट म्हणून त्यानं भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ विकत घेतलंय आणि ते पाठीवर घेऊन तो घरी निघालाय. वाटेत त्याच्यामागं कुत्रं लागतं, कुत्र्यामागं खाटीक, खाटकामागं पोलीस, आणि कोपऱ्यावर एक रंगारी शिडीवर चढून चुना लावतोय. पुढं काय होणार हे शेंबड्या पोराला कळत होतं आणि त्यातच तर गंमत होती. माऊलीनं त्या माणसाच्या चालीवर ठेका धरला. तो थबकला की हलगी थबकायची, पटांगण श्वास धरायचं, आणि त्यानं धूम ठोकली की हलगी, माणसं, पोरं सगळी एकदम सुटायची. शिडी फिरली. चुन्याची बादली पोलिसाच्या डोक्यावर बसली. सविता पोट धरून शेजारणीच्या खांद्यावर पडली. सीतारामभाऊंनी माइक बाजूला केला. इथं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि या खेपेला चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

"परत लावा! परत!"

गलका चालू असतानाच भिमाजी आबा उठले. गावचे सगळ्यांत वडीलधारे. त्यांच्या हातात नारळ आणि फेटा. संध्याकाळच्या कलाकारासाठी राखून ठेवलेला मानाचा फेटा तो. आबा टेबलापाशी आले तसं पटांगण शांत झालं.

"सीताराम, बोलीव त्याला."

"कुणाला, आबा?"

"त्या घड्याळवाल्याला. फेटा बांधायचाय."

"आबा, तो... तो सिनेमातला माणूस आहे."

"मला काय शिणुमा ठाव न्हाई व्हय? लोणावळ्याला थेटरात रांगा लावल्यात म्या. कुटं ऱ्हातो त्यो सांग, कैलास धाडंल माणूस."

"तो वारला, आबा. फार वर्षं झाली."

"वारला?" आबांनी पडद्याकडं बोट केलं. "मंग आत्ता पळत व्हता कोन?"

कुणी हसलं नाही. आबा पुढं म्हणाले, "दुपारी वराळ्याच्या पैलवानाचा खांदा निखळला, त्याला दवाखान्यात न्यावा लागला. त्याचा फेटा त्याच्या मामानं घेतला. हितला मान माघारी जात न्हाई. मानूस नसंल तर त्याच्या घरचं कुनी यावं." ते पटांगणाकडं वळले आणि त्यांनी खड्या आवाजात विचारलं, "हाय का हितं त्या घड्याळवाल्याचं कुनी?"

सीतारामभाऊंनी माइककडं पाहिलं. कैलास तो पुढं करायला गेला, तर त्यांनी मान हलवली. माइकची गरज नव्हती.

"मी आहे," ते म्हणाले. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी आहे त्याचा."

"मंग खाली बस. हात पुरंना माझा."

ते खुर्चीवर बसले. आबांनी सावकाश, एकेक पीळ नीट बसवत, फेटा बांधला. माऊलीनं कुस्ती निकाली झाल्यावर वाजवतात तशी हलगी वाजवली, आणि माणसांनी टोप्या, उपरणी, हाताला येईल ते हवेत उडवलं.

सविता गर्दीतून वाट काढत आली आणि पुस्तकात राहिलेला चष्मा तिनं त्यांच्या हातात ठेवला. फेट्याकडं निरखून बघत म्हणाली, "बरा दिसतो. आणि सोमवारच्या टेम्पोचं काय करायचं?"

"कसला टेम्पो?" सीतारामभाऊ म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला, सगळे डबे ओळीनं मांडले आणि नावं वाचून हवा तो डबा उघडला. त्याच वेळी रस्त्यावर दिवे चमकले. ऑर्केस्ट्राची गाडी शेवटी पोचली होती. मॅनेजर घाईघाईनं उतरून मांडवाच्या तोंडाशी आला आणि कैलासनं त्याला हातानंच अडवलं.

"बसा जरा तिकडं," तो हळूच म्हणाला. "पिक्चर चालू आहे."