अकरा हजार सहाशेचा कागद

मित्रांनो, मी एक जुना डेटा लॉगर आहे आणि मी रागावलेला आहे. गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं दरवर्षी शर्यतीसाठी छोटी गाडी बनवतात. तिच्या सीटखाली माझी काळी डबी स्क्रूंनी बसवलेली असते. गाडी पळताना इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात, ते मी लिहून ठेवतो. कारखान्यातून नवा आलो तेव्हा माझं कोण कौतुक! दसऱ्याला पान्यांच्या शेजारी मांडून मलाही झेंडूचं फूल वाहिलं. पुढे फूल गेलं आणि माझ्यावर चहाचे ग्लास आले. त्याचं मला काही नाही. राग आहे तो निराळाच.

यंदाची ड्रायव्हर बबिता. घाटंजीकडच्या तांड्यावरची, बापाचा ट्रॅक्टर चालवत मोठी झालेली. नुसतं इंजिन ऐकून ती फेरे सांगते, आणि माझ्या आकड्यात नि तिच्यात फार तर पन्नास-शंभराचा फरक पडतो. टीमचा कप्तान सुनील. याला ऐकण्यापेक्षा दाखवण्याची हौस. सर गाडी बघायला येणार म्हणून याने सगळ्या वायरी काळ्या टेपमध्ये गुंडाळून सुरेख वेणी घातली. त्या वेणीत माझी सेन्सरची बारीक वायर आणि ठिणगीची वीज नेणारी प्लगची जाड वायर अंगाला अंग लावून बसल्या. सर म्हणाले, "वा, काय सफाई!" सुनील दिवसभर फुगलेला.

दुसऱ्या दिवशी बबिताने मैदानात दोन चकरा मारल्या. माझ्यात नोंद पडली, अकरा हजार सहाशे. इंजिनाची मर्यादा नऊ हजारांची!

"इंजिन मारून टाकतं का वं आमचं?" सुनील ओरडला.

"मी साडेपाच हजाराच्या वर नेलीच नाही."

"मंग मशीन खोटं बोलते?"

"मशीन नाही त मी खोटी बोलून राह्यली का?"

सुनीलने तो आलेख छापला, खाली तिचं नाव टाकलं, वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवला आणि गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात घातली. शर्यत चार दिवसांवर. आता सीटवर कोण बसणार, हे सांगायला नको. आणि साक्षीदार कोण? मी! तोंड असतं तर तिथेच बोंब ठोकली असती.

दुपारी सायलेन्सर जोडायला मेकॅनिक जफरचाचा आले. कागद वाचून हसायलाच लागले.

"अबे, एवढं फिरलं असतं त इंजिनातलं सामान रस्त्यावर वेचत बसला असता तू. गाडी उभीच चालू कर. बबिता बेटा, पेडलवरून पाय काढ."

मला जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर पंधराशे, सात हजार, पंधराशे, दहा हजार. इंजिन मात्र एका सुरात गुरगुरत होतं.

"आता रेस कोण देऊन राह्यलं रे? तुहे सर?"

चाचांनी टेप कापला आणि बारीक वायर गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. आकडा पंधराशेवर गप्प बसला. दर ठिणगीला जाड वायर आपल्या शेजारणीला हादरवत होती, आणि ती प्रत्येक थरथर मी फेरा समजून इमानाने लिहीत होतो.

सुनीलने किल्ली परत दिली. माफी? छे! "चला, लॉगर सुधरला," म्हणाला. सुधरला! बिघडलो कधी होतो मी?

संध्याकाळी बबिताने गाडी मैदानात पुन्हा पळवली. सर्वांत मोठा आकडा पाच हजार चारशे ऐंशी. तो कुणी छापला नाही.

मित्रांनो, यंत्राला साक्षीला बोलवाल तेव्हा त्याच्या वायरी कोणी बांधल्या, तेही बघत जा. आणि सीटवर जी बसली होती, तिलाही विचारत जा.

आज गाडी शर्यतीला निघाली. बबिता स्टिअरिंगला बसली आहे, मी तिच्या सीटखाली. पण तो कागद अजून भिंतीवरच आहे, तिच्या नावासकट, आणि येणारे-जाणारे तो वाचतात. मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. माझ्यावरचे चहाचे डाग पुसू नका, फूलही वाहू नका. आधी तो कागद फाडा.