गळालेले दोन शब्द

मी एक जुना मोडेम आहे. मुक्काम नागपूर, प्रेमानंदांच्या कपाटात. मित्रांनो, टेलिफोनच्या तारेवरून आलेली अक्षरं कॉम्प्युटरच्या हाती द्यायची, हे माझं काम. ती किती वेगाने द्यायची, हा आकडा मात्र मालकाने ठरवायचा. पंगतीत वाढपी फारच भरभर वाढू लागला तर जेवणाऱ्याची तारांबळ उडते, तसंच हे.

मला विकताना सीताबर्डीच्या दुकानदाराने बजावलं होतं, "कॉम्प्युटर जुना आहे, एकोणीस हजार दोनशेच ठेवा." पण प्रेमानंदांना मोठ्या आकड्याची हौस. त्यांनी ठेवला सत्तावन्न हजार सहाशे. अधूनमधून अक्षरं गळू लागली.

"काहून जी, हा डब्बा अक्षरं खाऊन राहिला!" त्यांच्या पत्नी सिंधूताई हसायच्या.

"तुले काय समजते वं!" ते म्हणायचे. खरं सांगतो, वेगाचा तोरा मलाही होता.

त्यांची आई पुण्याला, धाकटी बहीण नीला हिच्याकडे आजारी होती. एका दुपारी नीलाने फोन लावून पाहिला. लागेना, कारण लाईन मीच अडवून बसलो होतो. शेवटी तिने ऑफिसातून ईमेल केला, "उद्या नको, आज निघ." मी सगळी अक्षरं दिली. कॉम्प्युटरने मधलीच सांडली. पडद्यावर उरलं, "उद्या निघ." वाक्य इतकं धड होतं की कुणाला शंकाही आली नाही.

प्रेमानंद दुसऱ्या दिवशी निघून पोचले तेव्हा आई गेली होती. परत आल्यावर ते फोनवर नीलावर ओरडले, "तूच त लिहिलं होतं, उद्या निघ!" ती रडत काहीतरी सांगत होती. त्यांनी फोन आपटला. त्यानंतर सत्तावीस वर्षं अबोला. खरं काय ते मला ठाऊक, आणि मला तोंड नाही. ते दोन शब्द माझ्या मानगुटीवरून कधी उतरलेच नाहीत.

गेल्या रविवारी नात मेघा मला चालताना बघायच्या हट्टाला पेटली म्हणून त्यांनी मला त्याच कॉम्प्युटरला जोडलं. माझ्या सेटिंगची यादी पडद्यावर मागवली.

"आजोबा, मधले शब्दच गायब होऊन राहिले," मेघा म्हणाली.

त्यांनी वेगाचा आकडा उतरवला. यादी पूर्ण आली. पुन्हा चढवला. पुन्हा शब्द गळाले. मग त्यांनी मोबाईल घेतला.

"नीला, तू आजच निघ म्हणून लिहिलं होतं ना?"



"हो दादा, आजच. मी त समजून राहिली होती, का माझ्याच हातून चुकलं."

मित्रांनो, जुनी यंत्रं खुशाल भंगारात द्या. पण एखादा निरोप काळजाला लागला, तर पाठवणाऱ्याला विचारा, त्याने नेमकं काय लिहिलं होतं. आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.