डावं मागचं चाक

"बाई, तुम्ही गाडी चालवा. नट आमच्यावर सोडा," टायरवाला म्हणाला, आणि दुकानात उभे असलेले दोघे गिऱ्हाईक हसले.

तिला हसू आलं नाही. व्हॅन नुकतीच जॅकवरून खाली आली होती. मागचे दोन्ही टायर नवे. कामगारानं कान आणि खांद्याच्या मध्ये मोबाइल धरून, कुणाशी तरी बोलत बोलत हवेच्या गननं नट फिरवले होते. टर्र, टर्र. एका चाकाचे पाच नट, पाच सेकंदही लागले नसतील.

"हाताच्या पान्यानं एकदा बघा, एवढंच म्हणतेय. दोन मिनिटांचं काम आहे."

"मागे सहा गाड्या खोळंबल्यात. वीस वर्षं दुकान चालवतोय, आजपर्यंत एक चाक निघालं नाही. विचारा तुमच्या साहेबांना."

तिचा स्वतःचा पाना सीटखाली होता. काढावा, इथेच उकिडवं बसावं आणि दहाही नट बघावेत, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात मागच्या गाडीनं हॉर्न दिला. हॉस्पिटलातून फोन आला की पेशंट खाली येऊन थांबलेत. तिनं दार ओढलं आणि ती निघाली. टायरवाल्यावरचा राग पुढे कमी-जास्त होत राहिला, पण नट न बघता दार ओढल्याचा स्वतःवरचा राग मात्र तिच्या मनात तसाच राहिला.

ती एका रुग्णसेवा संस्थेची व्हॅन चालवायची. डायलिसिसच्या तीन पेशंटना आठवड्यातून तीनदा सकाळी घरून उचलायचं, पस्तीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात सोडायचं आणि चार-पाच तासांनी परत आणायचं. अकरा वर्षं हे चाललं होतं. पेशंट बदलले, काही गेले, ती तीच. गाडी शिकवणाऱ्या उस्तादानं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, चाक काढलं-बसवलं की दुकानातच नट बघायचे आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा बघायचे. नवं बसवलेलं चाक आपल्या जागी बसता बसता नट सैल करतं. तो नियम तिनं अकरा वर्षांत एकदाच मोडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीत नेहमीचे तिघं होते. पुढच्या सीटवर मास्तर, निवृत्त गणिताचे शिक्षक, वेळेच्या बाबतीत घड्याळालाही दम देणारे. मागे डावीकडे शिवणकाम करणाऱ्या वहिनी. त्यांच्या शेजारी आजी, ज्या गाडीत बसल्या की डोळे मिटायच्या त्या थेट हॉस्पिटलच्या दारात उघडायच्या.

अठ्ठावीस किलोमीटर झाले असतील. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, माझ्या पायाखाली काहीतरी टकटक वाजतंय."

तिलाही सीटमधून हादरा जाणवला होता. तिनं वेग कमी केला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"आता काय?" मास्तरांनी घड्याळ पुढे केलं. "सात दहा झालेत. साडेसातचं मशीन आहे माझं. उशीर झाला तर दुसऱ्याला देतात, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे मास्तर. एक मिनिट."

डाव्या मागच्या चाकावरची टोपी तिनं काढली. पहिला नट पान्याविनाच हातात आला. दुसरा दोन बोटांनी फिरला. तिसऱ्याच्या जागी नटच नव्हता, नुसता बोल्ट. उरलेल्या दोन नटांच्या जिवावर चार माणसं तासाला साठच्या वेगानं निघाली होती.

काचेतून आजींचा झोपलेला चेहरा दिसत होता, तोंड किंचित उघडं. तो कानाला लावलेला मोबाइल तिला आठवला. शेजारचं हसणं आठवलं. तिनं पाना रस्त्यावर इतक्या जोरात आपटला की मास्तरांनी मान बाहेर काढली.

तिनं व्यवस्थापकांना फोन लावला.

"घट्ट कर आणि निघ," ते म्हणाले. "हळू चालव म्हणजे झालं."

"बोल्टचे आटे खाल्ले गेलेत साहेब. वरून घट्ट वाटेल, धरणार नाही."

"अगं, सातच किलोमीटर राहिलंय ना?"

"त्या सातात पूल आहे."

"मी सांगतोय ना तुला!"

"मग तुम्ही या आणि तुम्ही चालवा. मी पेशंटना खाली उतरवून घेते."

पलीकडून फोन बंद झाला.

टॅक्सी मिळायला पाऊण तास गेला. तिनं आजींना हाताला धरून उतरवलं, वहिनींची पिशवी दिली. मास्तर तिच्याकडे न बघता टॅक्सीत बसले. वहिनी आणि आजींचं कसंबसं जमलं, पण मास्तरांचं मशीन दुसऱ्याला दिलं गेलं होतं. दुपारी त्यांना अडीच तास मिळाले, चारच्या जागी.

संध्याकाळी भाड्याच्या गाडीनं ती त्यांना घरी सोडायला गेली, तेव्हा ते फाटकाशी थांबले. पाय सुजलेले होते, चपलेचा पट्टा रुतला होता. "बाई, दीड तासाचं पाणी माझ्या अंगात तसंच राहिलंय. परवापर्यंत ते घेऊन झोपायचंय मला. तुमच्यामुळे."

तिला सांगण्यासारखं खूप होतं. तिनं फाटक उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी ती टायरवाल्याच्या दुकानात गेली आणि काढलेले नट तिनं काउंटरवर ठेवले.

टायरवाल्यानं ते उचलूनही बघितले नाहीत. "रस्ते बघा की आपले. आणि मध्ये तुम्हीच पाना लावलात ना? आता आमची जबाबदारी संपली."

"पाना लावला म्हणून कळलं."

"आवाज खाली, बाई. गिऱ्हाईक आहेत."

"असू देत. ऐकू दे त्यांनाही." अकरा वर्षांत ती कुणावर ओरडली नव्हती, आता निघालेला आवाज तिलाच परका वाटला. "चार नट इथे आहेत. पाचवा हायवेवर पडलाय. जा, हुडकून आणा. फ्रेम करून लावा भिंतीवर. तुमच्या वीस वर्षांतला पहिला!"

कुणी हसलं नाही. रांगेतला एक माणूस गाडीतून उतरला आणि आपल्याच चाकाकडे बघत उभा राहिला.

टायरवाला संस्थेच्या समितीवर होता. हे तिला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ दोन दिवसांनी कळला. व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. विनापरवानगी गाडी थांबवली, पेशंटची गैरसोय केली, समितीच्या सदस्याशी उद्धट वागली. त्याबद्दल माफी. तीन ओळी पुरेत.

घरी नवरा म्हणाला, "लिहून टाक आणि मोकळी हो. माफी लिहून कुणाची बोटं झडलीत?"

"माझी झडतील."

"तुझा राग म्हणजे ना... नाकावर नाही, डोक्यावर घेऊन फिरतेस."

"डोक्यावर नको घेऊ तर कुठे ठेवू? गाडीत चार माणसं होती. चौथी मी होते, लक्षात आहे ना?"

नवऱ्यानं ताटातला घास खाली ठेवला. जेवण झाल्यावर त्यानं तिला टेबल मोकळं करून दिलं आणि मुलीच्या कंपासमधलं चांगलं पेन शोधून आणलं.

तिनं पत्र लिहिलं, पण तीन ओळींचं नाही, दीड पानाचं. पुढच्या फेरीला मास्तर गाडीत बसले तेव्हा तिनं इंजिन चालू करण्याआधी तो कागद त्यांच्या हातात दिला. "तुम्ही होतात तिथे. चुकीचं काही असेल तर सांगा."

मास्तरांनी चष्मा लावला. सगळं वाचलं. मग खिशातून पेन काढलं. "'तपासणी'ला दुसरी वेलांटी," म्हणत त्यांनी दुरुस्ती केली. दुसऱ्या पानावरची एक वेळ खोडून सात बाराची सात दहा केली.

"मी चिडलो होतो," ते म्हणाले. "अजून चिडलेलाच आहे. पण तुमच्यावर नाही." आणि तिच्या सहीखाली त्यांनी आपली सही केली, पूर्ण नावानं. मागून वहिनींनी हात पुढे केला, "इकडे द्या, मीही करते." आजी झोपल्या होत्या.

व्यवस्थापकांनी पत्र वाचलं आणि टेबलावर ठेवलं. "हे काय आहे? मी तुला माफी मागायला सांगितलं होतं."

"मागितलीये. पहिल्याच ओळीत."

पहिली ओळ होती: दुकानातून निघताना नट मी स्वतः तपासले नाहीत, ही माझी चूक झाली. त्याखाली किती नट सैल होते, कुठला नव्हता, कोण फोनवर बोलत होतं, कुणी काय सांगितलं, सगळं तारीखवार होतं.

"खालचं खोड."

"खालचं घडलंय, साहेब. पोच द्या मला, शिक्क्यासकट."

ते तिच्याकडे बघत राहिले. तीही हलली नाही. बाहेर कुणीतरी कुबड्या परत करायला आलं होतं, ते खोकलं. शेवटी त्यांनी शिक्का मारला, एवढा जोरात की शाई कागदाच्या मागे उमटली.

तीन आठवड्यांनी तिला व्हॅनवरून काढलं. "वय वाढतंय, नजरेचा प्रश्न असतो," असं कारण दिलं. डोळे कुणी तपासले नव्हते. तिला साहित्याच्या खोलीत बसवलं: चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर यांची देवघेव.

नव्या ड्रायव्हरला किल्ली तिनंच दिली. भला माणूस होता, ओशाळला होता. त्याच्या हातात कामाच्या सूचनांचा छापील कागद होता. सातवी सूचना नवी होती: टायरचं काम झाल्यावर दुकानातून निघण्याआधी आणि पन्नास किलोमीटरनंतर सर्व नटांची हाताच्या पान्यानं तपासणी करावी. शब्द तिचे होते, पत्रातले, वेलांटीसकट. खाली सही व्यवस्थापकांची होती.

"हे बरं केलं बघा त्यांनी," नवा ड्रायव्हर म्हणाला.

"हो," ती म्हणाली. तिनं फक्त त्याला पाना कुठे असतो ते दाखवलं.

त्या संध्याकाळी ती बसनं घरी निघाली. खिडकीची जागा मिळाली. पर्स मांडीवर घेऊन ती ताठ बसली होती. बस चांगल्या वेगात होती. पुढे लाल दिवा लागला, आणि ड्रायव्हरच्याही आधी तिचा उजवा पाय खाली दाबला गेला. तिथे नुसता पत्रा होता. बस थांबली, सुटली, पुढच्या वळणावर पाय पुन्हा दाबला गेला. शेजारच्या बाईनं एकदा तिच्या पायाकडे आणि एकदा तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि थोडी सरकून तिला जागा करून दिली.