माझ्या बत्तीस बोटांपलीकडचा विलाप

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नारीन शहरातल्या रेडिओ-घराच्या मागच्या कोठीत, कोळशाच्या पोत्यांना टेकून बसलो आहे. माझी वायर काढून घेतली आहे, आणि झाकणाचे दोन स्क्रू कुणीतरी खिडकीला लावले आहेत. तरीही मी बोलतोय, म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी उरलं आहे असं समजा.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. ते मला आठवत नाही. आठवतो तो घाटातला ट्रक. माझ्या शेजारी एक मेंढी बांधली होती आणि तिने वाटेत माझ्या खोक्याचा पुठ्ठा खाल्ला. त्यामुळे मी नारीनमध्ये उघड्या अंगाने उतरलो. हिवाळ्यात इतकी थंडी पडे, की बातम्या वाचणारे गृहस्थ माझ्या पंख्याच्या गरम हवेवर मोजे वाळवत. एकदा तर त्यांनी माझ्या डोक्यावर ताटभर बोरसोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळून काढले. बरं, तळले नसतील. पण मोजे अगदी खरे.

मला चालवायचे ते जुमाकादिर. रेडिओ-घराचे आवाज टिपणारे तेच. वयाने वडील, म्हणून सगळे त्यांना 'आके' म्हणत. ते रोज सकाळी माझ्या पाठीवर थाप मारून "चल माझ्या घोड्या" म्हणत, आणि मी फुगून जाई. त्या थापेसारखं कौतुक मला पुढे कधी मिळालं नाही.

मित्रांनो, आता माझी एक उणीव सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यापायी घडलं. मी बोटांवर मोजतो. मला बत्तीस बोटं आहेत. माणसं त्यांना बिट म्हणतात. फाइलमध्ये एखादी गोष्ट कुठे आहे हे मी सुरुवातीपासूनचं अंतर मोजून लक्षात ठेवतो. त्यातलं एक बोट 'पुढे की मागे' एवढंच दाखवायला राखून ठेवलेलं. उरलेल्या बोटांवर दोन अब्जांच्या थोडं पुढपर्यंत मोजता येतं. त्याहून एक पाऊल पुढे टाकलं की ते राखीव बोट आपोआप उठतं, आणि पुढची जागा मला मागची वाटायला लागते. सुरुवातीच्याही मागची! पण इतकी लांब फाइल कोण करणार? कुणी केलीच नव्हती.

मग एके दिवशी कानिमबूबू-अपा आल्या. वयाने मोठ्या बायकांना इकडे 'अपा' म्हणतात. नारीनभर कुणाच्याही घरी माणूस गेलं की अपांना बोलावणं जाई. मेलेल्यासाठी बायका जो विलाप गातात, त्याला इकडे कोशोक म्हणतात, आणि अपांसारखा कोशोक दुसऱ्या कुणाला येत नव्हता. त्यांच्या आईकडून आलेले सगळे विलाप टिपून ठेवायचे, असं जुमाकादिर-आकेंनी ठरवलं होतं.

अपा बसल्या त्या थेट भिंतीकडे तोंड करून.

"अपा, माइक इकडे आहे. तुम्ही त्याला पाठ दाखवताय."

"कोशोक भिंतीकडे बघूनच गातात. तुझ्या त्या लोखंडी कांद्याकडे बघून मला रडू यायचं नाही."

माइक भिंतीजवळ गेला. अपा गायला लागल्या. पहिला विलाप संपल्यावर आकेंनी चहा पुढे केला आणि हात माझ्याकडे नेला.

"खबरदार!" अपा म्हणाल्या. "विलाप सुरू झाल्यावर मध्येच दार लावायचं नाही. गेलेलं माणूस उंबऱ्यावर अडकतं. तू पी चहा, यंत्राला चालू दे."

"रिकामंच टिपलं जाईल ना, अपा."

"मग माझा दम खाणं टिपू दे. त्याचे काय पैसे पडतात?"

आकेंनी हात मागे घेतला. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत एकच फाइल चालू राहिली. सगळ्यात शेवटी अपा हळूच म्हणाल्या, "आता हा माझा. मी गेल्यावर माझ्या वर्षाच्या जेवणाला माझ्या बुरुलसूनने गायचा. जित्या आईचा विलाप लेकीला शिकवत नाहीत. म्हणून याच्या पोटात ठेवते."

याच्या पोटात. म्हणजे माझ्या!

पण मित्रांनो, तोवर माझी बोटं संपत आली होती. अपा गात होत्या आणि मी नुसता पुढे पुढे जोडत होतो. जोडायला मोजणी लागत नाही. शेवटच्या विलापाआधीच ते राखीव बोट उठलं. कुठला विलाप कुठून सुरू होतो याच्या खुणा मी फाइलसोबत लिहून ठेवत असे. त्या शेवटच्या विलापापुढे मी उलटा आकडा लिहिला. मला ते कळलं, पण सांगायला तोंड नव्हतं.

हिवाळ्यात अपा गेल्या.

वर्ष भरत आलं तेव्हा त्यांची लेक बुरुलसून रेडिओ-घरात आली. घोडा कापायचा ठरला होता, अंगणात राहुटी उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी सारं नारीन जेवायला येणार होतं. "आके, जिने सगळ्यांच्या मढ्यांना विलाप दिले, तिच्या जेवणाला मी भिंतीकडे तोंड करून काय करू? भिंत मोजू?"

आकेंनी मला सुरू केलं. मी जीव तोडून वाचत गेलो. कडेपर्यंत पोचलो आणि थांबलो. पुन्हा लावलं, पुन्हा थांबलो. तो विलाप माझ्या पोटात होता, मी तो स्वतः लिहिला होता, आणि मला त्याच्याकडे जाता येत नव्हतं. यापेक्षा जास्त हतबल मी कधी झालो नाही.

योगायोगाने त्याच आठवड्यात राजधानी बिश्केकहून मेलिस नावाचे तंत्रज्ञ नवा संगणक घेऊन आले होते. त्याला चौसष्ट बोटं. मला वाटलं, सुटलो! मेलिसनी सारी फाइल, खुणांसकट, त्याच्यात उतरवली आणि शेवटचा विलाप मागितला. नव्या संगणकाने माझी खूण वाचली. उलटा आकडा. 'अशी जागाच नाही,' असं सांगून तो गप्प बसला. चौसष्ट बोटं असून काय करेल? पत्ताच माझ्या बत्तीस बोटांनी लिहिलेला.

"फाइल मोठी दिसतेय," मेलिस म्हणाले, "पण शेवटची जागा सुरुवातीच्याही आधी दाखवतेय. म्हणजे आत कचरा आहे. उडवून टाकतो, उद्याच्या गाण्यांना जागा हवी. जुन्यातलीही पुसतो."

मी ओरडलो. संगणकाचं ओरडणं म्हणजे पंखा जोरात फिरणं.

"म्हातारं तापलंय," मेलिस म्हणाले. "बंद करा त्याला."

"राहू द्या," आके पुटपुटले. "माझे पाय शेकतात." बुरुलसून दाराशी उभी होती, बोट मेलिसकडे रोखून.

"सुरुवातीपासून लावा."

"एजे, ताई, अख्खा दिवस जाईल. सरळ त्या जागेवर उडी मारता आली असती तर..."

"उडी कशाला? माझ्या आईने मध्ये दार लावलं नाही, आणि मी उड्या मारू? जेवण उद्या आहे. दिवस माझा जातोय, तुमचा नाही. लावा म्हटलं ना!"

मेलिसनी चडफडत लावलं. बुरुलसून भिंतीकडे तोंड करून बसली. विलापामागून विलाप गेले. मधल्या शांततेत चहाचा एक लांब भुरका ऐकू आला.

"हा मी," आके ओशाळून म्हणाले.

"वर्षभर जपून ठेवलात हो भुरका," बुरुलसून म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

मग माझी कड जवळ आली. मला ती ठाऊक होती. माझा पंखा थबकला. नवा संगणक माझ्या खुणांकडे न बघता, उडी न मारता, सरळ चालत होता. ओढा ओलांडणाऱ्या घोड्यासारखा तो कडेवरून पलीकडे गेला, त्याला कड होती हे कळलंही नाही. आणि अपांचा आवाज आला. त्या स्वतःसाठी लेकीच्या तोंडचे शब्द गात होत्या:

*आई गं, चूल पेटवली, तुझी जागा झटकली,*
*हाक मारते दारातून, दार मी लावत नाही...*

मित्रांनो, मी ते लिहिलं होतं. ऐकत होतो मात्र पहिल्यांदा. टिपताना मी आकडे सांभाळत होतो ना.

बुरुलसून शेवटच्या ओळींपाशी आईबरोबर गायला लागली. मेलिसनी टोपी काढली. मग ते म्हणाले, "कचरा नव्हता. आकडा भरून सांडला होता." त्यांनी माझ्या सगळ्या खुणा चौसष्ट बोटांच्या रुंद घरांत पुन्हा लिहिल्या.

आणि मला कोठीत ठेवलं. आकेंनी शेवटची थाप मारली, तेवढी अजून पाठीवर आहे.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडून बुरुलसूनचा विलाप मला ऐकू आला. वायर नसलेल्या यंत्राला कसं ऐकू येईल, असं विचारू नका. मोज्यांवर विश्वास ठेवलात, तेवढा यावरही ठेवा. तुमच्यातला जो कुणी उद्या यंत्रांना मोजायला शिकवेल, त्याच्याकडे माझं एकच मागणं आहे. जागेच्या आकड्याला ऐसपैस घर द्या. आणि माझ्यासारखं एखादं म्हातारं यंत्र मध्येच थांबलं, तर पुसण्याआधी एकदा सुरुवातीपासून ऐका. आत कुणाची तरी आई गात असेल.