वायसरच्या गाडीचा आवाज

गावात गाडी दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण गाडीचं ऐकून घेणारे कानमेस्त्री एकटेच. बाकीचे बॉनेट उघडून आधी हात घालायचे, हे आधी कान द्यायचे. डोळे मिटून, मान जरा तिरकी करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "पाण्याचा पंप गेलाय." खोलून बघावं तर पंपच निघायचा. गिऱ्हाइकांनी कौतुकानं त्यांचं नाव कानमेस्त्री ठेवलं. बायकोचं मत वेगळं होतं. "गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांचं ऐकू येतं, घरातलं तेवढं येत नाही," असं ती शेजारणीला सांगायची. मेस्त्री समोरच बसलेले असायचे आणि त्यांना ते खरोखरच ऐकू यायचं नाही.

माणूस मात्र पक्का घरवेडा. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि भिंतीत एक खिडकी. त्या खिडकीतून चहाचा कप बाहेर यायचा आणि मेस्त्रींचं डोकं आत जायचं. लेक शाळेतून आली का? खोकला कमी आहे का? लेक एकुलती एक. लहानपणी ती गॅरेजात फतकल मारून बसायची आणि नटाखालचे गोल पितळी वायसर अंगठ्यांसारखे बोटांत चढवायची. एकदा एक वायसर असा अडकला की साबण झाला, तेल झालं, सगळं घर रडकुंडीला आलं. निघाला एकदाचा, पण तेव्हापासून पोरीचं नावच पडलं वायसर.

ही वायसर शिकली, मोठी झाली आणि लांबच्या शहरात नकाशे काढायच्या ऑफिसात लागली. मेस्त्रींनी तिला दोन मोडक्या गाड्यांतून एक धड गाडी बांधून दिली. धड म्हणजे कशी, तर एक दार निळं आणि बाकी अंग पांढरं. सुरुवातीला ती सारखी कुरकुरायची. कुरकुरली की वायसर रजा टाकून गाडी घेऊन घरी यायची. मग मेस्त्री गाडीखाली, वायसर शेजारी स्टुलावर, साहेबाच्या नकला चालल्यात, आणि खिडकीतून आई दोघांच्या नावानं ओरडतेय की जेवण गार झालं. तासाभराचं काम मेस्त्री दोन दिवस पुरवून पुरवून करायचे. एवढा मंद मेकॅनिक गावानं कधी पाहिला नसेल!

आणि मग या शहाण्या माणसानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. झालं असं, की एकदा घरी येताना वाटेत क्लच गेला आणि पोर भर उन्हात रस्त्याच्या कडेला अडकून पडली. मेस्त्रींचा जीव नुसता खालीवर झाला. आपल्याकडे यायचं म्हणून हिनं असे हाल काढायचे? पुढच्या खेपेला त्यांनी चांगल्यातले पाने-पकडी निवडून पिशवी भरली, तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता ऊठसूट यायची दगदग नको. आवाज आला की फोन लाव, इंजिनाजवळ धर. मी सांगतो काय करायचं ते."

आणि सांगायला लागले की! वायसर बापाचीच लेक, हातात गुण होताच. फोनवर ऐकून तिनं प्लग बदलले, पट्टा ताणला, सायलेन्सरची पट्टी आवळली. बघता बघता गाडी सुतासारखी सरळ झाली. वायसरचं येणं कमी झालं, मग बंदच पडलं.

"शाबास," मेस्त्रीणबाई म्हणाल्या. "लेकीच्या हातात पाने दिलेत आणि तिच्या येण्याला मुकलात. बसा आता फोनवर इंजिन ऐकत."

"अगं, तिला सोपं जावं म्हणून केलं ना मी."

"मग ये म्हणा की तिला. तोंडाला काय कुलूप लावलंय?"

कुलूपच होतं. नोकरीच्या माणसाला ये म्हणायचं म्हणजे त्याला पेचात टाकायचं, असं मेस्त्रींना वाटायचं. शिवाय ती नाही म्हणाली असती तर? दुसरं म्हणजे, 'तुझी आठवण येते' हे वाक्य त्या घरात आजवर कुणी उच्चारलंच नव्हतं. तिथे सगळा जिव्हाळा गाडीवरून चालायचा. "ऑइल बघतेस ना वेळच्या वेळी?" असं मेस्त्री विचारायचे, तेव्हा त्यांना विचारायचं असायचं की पोरी, जेवतेस ना वेळच्या वेळी? वायसर म्हणायची, "हो बाबा, बघते." संपलं बोलणं. मग मेस्त्री गॅरेजात येऊन नुसतेच उभे राहायचे. आपणच बांधलेली गाडी बिघडावी म्हणून मनातल्या मनात झुरायचे, आणि असं मनात आल्याची त्यांना शरम वाटायची. पण झुरणं काही थांबायचं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच फोन आला.

"बाबा, गाडी आवाज करतेय."

मेस्त्रींचा चेहरा असा उजळला की खिडकीतल्या मेस्त्रीणबाईंनी कपाळावर हात मारला. "धर, धर. इंजिनाजवळ धर," ते म्हणाले आणि डोळे मिटून, मान तिरकी करून उभे राहिले.

इंजिन नेहमीसारखं चालू होतं. त्याच्या वर एक आवाज होता. टक, टक, टक.

"फोन तिथेच ठेव आणि केबल ओढून जरा रेस दे," मेस्त्री म्हणाले.

इंजिन गुरगुरलं, वेग वाढला. टक, टक, टक मात्र तेवढंच संथ राहिलं. मेस्त्रींनी एक डोळा उघडला. इंजिनातला ठोका इंजिनाबरोबर धावतो, हे कुठल्याही मेकॅनिकला कळतं. हा ठोका आपल्या मर्जीनं चालला होता. मध्येच तो एकदा चुकला, थांबला आणि घाईघाईनं पुन्हा सुरू झाला.

पोरगी बॉनेटवर पाना आपटत होती.

मेस्त्रींना आधी हसूच फुटलं. अगं लबाड, बापालाच? कानमेस्त्रीला? मग त्यांना कळलं की तिकडेही कुणीतरी गाडी बिघडायची वाट बघतंय. वाट बघून थकलं आणि शेवटी हातात पाना घेतला.

"कळलं का बाबा?" तिनं विचारलं. आवाज जरा जास्तच बेफिकीर होता. "काय झालंय?"

जिभेवर उत्तरं तयार होती. टॅपेट सैल असेल, पाव फेरा आवळ. एवढं म्हटलं की झालं, पोरगी 'हो बाबा' म्हणणार आणि फोन ठेवणार.

"हे फोनवर नाही व्हायचं," मेस्त्री म्हणाले.

टकटक थांबली.

"मग?"

"आणावी लागेल इकडे."

"एवढं मोठं आहे? पण झालंय काय तिला?"

आता आली का पंचाईत! साऱ्या हयातीत मेस्त्रींनी चांगल्या गाडीत खोट काढली नव्हती, गिऱ्हाईक कितीही भोळं असलं तरी. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बायको काम सोडून उभी होती.

"गाडीला काही झालेलं नाही, पोरी," ते म्हणाले. "मला करमत नाही. तू नाहीस, तर मला इथे अजिबात करमत नाही."

इंजिन तेवढं ऐकू येत होतं. मेस्त्रींना वाटलं, चुकलं आपलं, बोलायला नको होतं.

"बाबा," वायसर म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. "हे आधी नाही का सांगायचं? मला वाटलं, तुला माझी दगदग होते. म्हणून पिशवी दिलीस."

"तुझी? वेडी का काय तू!"

"गाडी चालूच आहे. बॉनेट लावते आणि निघते."

"अशीच? अगं, कपडे बिपडे..."

"आहेत घरी माझे, का आईनं देऊन टाकले?"

"कपाटात तसेच आहेत म्हणावं!" मेस्त्रीणबाई खिडकीतून ओरडल्या. "आणि आधी काहीतरी खाऊन निघ गं!" पण बॉनेट धाडकन लागल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला.

मेस्त्रींनी हातातल्या फडक्यानंच डोळे पुसले. फडकं ऑइलचं होतं, तोंड काळंकुट्ट झालं.

"काय निघालं गाडीत?" बायकोनं विचारलं.

"काही नाही," मेस्त्री म्हणाले. "चांगली आहे गाडी." आणि ते लेकीसाठी गॅरेजातली जागा मोकळी करायला लागले.