धारोष्ण दुधातली तार

नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं, पण अणुनाथ महाराजांच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आयाबाया थंडीत कुडकुडत, मांडीवर लेकरं घेऊन बसल्या होत्या. मांडवामागे गाईंची धार काढणं चालू होतं. कासेतून निघालेलं दूध फेसासकट गिलासात यायचं आणि लगेच पुढे जायचं. थंड दूध चालत नसे, डेअरीच्या दुधाचं तर नावही काढायचं नाही.

"धारोष्ण दुधात गाईची माया आसती," महाराज माईकवरून सांगत होते. "माया म्हंजी काय? अणुलहरी. परत्येक अणूच्या पोटात न्यूक्लिअस. न्यूक्लिअस म्हंजी अणूची नाभी. त्या नाभीशी आमी बोलतो. शास्त्रज्ञ कोट्यवधीची यंत्रं लावतेत, आमाला एक गिलास दूध पुरतं."

शिष्याने ओल्या वाळूच्या ताटातून एक जाड तार वडाच्या पानात धरून उचलली. उघड्या हाताने धरायची नाही, माणसाचा विटाळ लागतो म्हणे. समोरच्या बाईने ती पानातच वाकवली, आपल्या पोराच्या वाकड्या पायासारखी. मग दुधात बुडवली. बाहेर काढली तेव्हा तार सुतासारखी सरळ. "जशी तार, तसा पाय," महाराज म्हणाले आणि सगळा मांडव हात जोडून उभा राहिला.

कडेला उभ्या असलेल्या सुकन्याने हात जोडले नाहीत. संगमनेरच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची. धातू तापला-निवला की त्यातले अणू आपल्या रांगा कशा मोडतात आणि पुन्हा कशा लावतात, या संशोधनात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तार सरळ होताना बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसली तार तिच्या टेबलाच्या खणात पडलेली असायची. आणि इथे हा भामटा त्याच तारेच्या जिवावर देव झाला होता.

ती आली होती भाच्यासाठी. तिचा भाऊ श्रीमंत, त्याचा मुलगा ओम अजून मानही धरत नव्हता. जन्मतःच त्याचा डावा पाय आत वळलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाडं कोवळी आहेत तोवर दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय हळूहळू जागेवर आणू, मात्र मध्ये खंड पाडायचा नाही. पाय वळायला लागलाही होता. तेवढ्यात महाराज उपटले आणि म्हणाले, प्लास्टरने अणुलहरी अडतात, कापून टाका. उद्या सकाळी ओमची पाळी होती.

मांडवातून निघताना तिला भारती दिसली. शेजारच्या वस्तीवरची, कडेवर पोर. दिवाळीत महाराजांनी तिच्या लेकीचं, आरतीचं प्लास्टर कापायला लावलं होतं. आता पाय पुन्हा होता तसा वाकडा.

"महाराज म्हनले, धार काढताना माज्या मनात शंका हुती," भारती खाली बघत म्हणाली. "म्हनून माया उलटली."

सुकन्याने घरी येऊन सगळं समजावून सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. "ताई, बारावी सायन्स म्या बी केलंय," श्रीमंत म्हणाला. "महाराज न्यूक्लिअसचंच तर बोलतेत."

"अरे, न्यूक्लिअसला तुझं कोमट दूध कळत नाही. त्याला हलवायला ताऱ्याच्या पोटातली उष्णता लागते. चार इंग्रजी शब्द ऐकले की तू मान डोलवायला मोकळा."

"लई शिकलीस, पर देवाधर्माचं कळंना झालं तुला," आई, गोजरबाई, चुलीपुढून म्हणाली. आणि भावजय अश्विनी ओमला थोपटत हळूच बोलली, "वन्सं, तार सरळ हुताना म्या माज्या डोळ्यांनी पाह्यली. ते कसं खोटं म्हनू?"

डोळ्यांनी पाहिलेल्याला शब्दांनी कोण हरवणार? डोळ्यांनाच दुसरं काहीतरी दाखवायला हवं होतं. सुकन्याने अश्विनीच्या मोबाईलमधला ओमच्या पायाचा प्लास्टरआधीचा फोटो आपल्या मोबाईलवर घेतला आणि दुपारची एसटी पकडून कॉलेज गाठलं. खणातली तार काढली, फोटोतल्या पायासारखी वाकवून लोखंडी साच्यात घट्ट अडकवली आणि भट्टीत घातली. हा धातू असा डांबून तापवला की तो आकार त्याच्यात पक्का बसतो. मग गार करून तिने ती बोटांनीच सरळ केली आणि बर्फ घातलेल्या थर्मासात ठेवली.

दुसऱ्या दिवशी अश्विनी ओमला घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. शिष्य कात्री परजत उभा. सुकन्या तिच्याशेजारी जाऊन बसली. शिष्य वाळूचं ताट आणेपर्यंत तिने थर्मासातली तार पानात धरून अश्विनीच्या हातात दिली.

"आधीच सरळ हाय की ही," अश्विनी म्हणाली.

"असू दे. सरळ तारेला काय भीती? बुडव."

अश्विनीने तार दुधात सोडली आणि बाहेर काढली. तार आत वळली होती. हुबेहूब ओमचा पाय, प्लास्टर घालायच्या आधीचा. अश्विनीच्या हातून गिलास पडला. तिने पोराला छातीशी आवळलं. मांडवात कुजबुज उठली. "जशी तार, तसा पाय," मागून एक म्हातारी पुटपुटली.

महाराजांचा चेहरा उतरला. "ती तार माजी न्हाई," ते माईकवरच बोलून गेले.

सुकन्या उठून उभी राहिली. "ऐकलंत? गाय तीच, दूध तेच, महाराजांची नाभीही जागच्या जागी. मग बिघडलं कुठं? तर म्हणे तार माझी नाही. म्हणजे करामत तारेची आहे, दुधाची नाही आणि ह्यांची तर मुळीच नाही."

"पाखंडी बाई हाय ही," शिष्य ओरडला. पण तोवर सुकन्याने त्याच्या ताटातली एक तार उचलून वाकवली होती आणि कडेला चहा घेत उभ्या असलेल्या, डेअरीवरच्या राधाकृष्ण तात्यांच्या कपात बुडवली होती. तार ताडकन सरळ झाली. तात्यांनी कप डोळ्याजवळ नेला, तार निवल्यावर स्वतः वाकवली, पुन्हा बुडवली. पुन्हा सरळ.

"आयला, च्यात बी माया निगाली की," तात्या म्हणाले. मांडव हसला. त्या हसण्याने महाराजांचं जेवढं गेलं तेवढं शिव्यांनी गेलं नसतं.

मग सुकन्याने सांगितलं. हा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. दात सरळ करायला डॉक्टर तारा लावतात ना, त्याच जातीचा. थंड असताना वाकवाल तसा वाकतो आणि ऊब लागली की भट्टीत शिकवलेल्या आकारात परत जातो. म्हणून वाळू ओली, म्हणून वडाचं पान, म्हणून दूध धारोष्ण आणि म्हणूनच दर्शन थंडीतल्या पहाटे. चैत्राच्या उन्हात हीच तार ताटातच सरळ होऊन पडेल. "मी कालच माझ्या तारेला वाकडं व्हायला शिकवलं. पोराच्या पायाला मात्र असं एका उकळीत शिकवता येत नाही. त्याला डॉक्टरचे हात लागतात, प्लास्टर लागतं, धीर लागतो."

अश्विनीचे डोळे अजून वाहत होते. "वन्सं, माजा जीव गेल्ता," ती रागाने म्हणाली. "असं घाबरवायचं हुतं व्हय मला?"

"चुकलंच माझं. पण तारेने पाय वाकडा होत नाही हे आता कळलं ना? मग सरळ तरी कसा होईल?"

अश्विनीने ओमच्या प्लास्टरवरून हात फिरवला आणि पदर नीट ओढून उठली. मागे उभा असलेला श्रीमंत खाली मान घालून डॉक्टरांकडे जायला जीप आणायला गेला.

महाराज आसन सोडायच्या बेतात होते. पण वाटेत भारती उभी राहिली, कडेवर आरती. तिला कधी मोठ्याने बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"मंजी माज्या मनात काय बी खोट नव्हती," ती म्हणाली.

महाराजांनी बाजूने वाट काढायला पाहिली.

"दिवाळीपास्नं म्या सोताला पापी म्हनत ऱ्हायले. पोरीकडं बगवत नव्हतं मला. तुमाला ठावं हुतं की तारंचा खेळ हाय. तरी कात्री लावलीत."

बाजूच्या बायका उठून तिच्यामागे उभ्या राहिल्या. कुणी हात उगारला नाही. तात्यांनी पोलीस पाटलाला फोन लावला. तर लोकहो, गोष्ट सांगणाऱ्याचं एवढं ऐका: चमत्कार बघायला जरूर जा, पण जाताना विचारायची हिंमत घेऊन जा. दुधाऐवजी चहा चालेल का? तुमच्या तारेऐवजी माझी चालेल का? जो असं विचारू देत नाही, त्याच्यापुढे आपलं लेकरू ठेवू नका.

जीपमध्ये भारतीलाही जागा केली. संगमनेरला डॉक्टरांनी ओमचं प्लास्टर तपासून ठीक आहे म्हटलं. आरतीचा पाय मात्र ते बराच वेळ हातात धरून बसले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, म्हणाले, कदाचित ऑपरेशनही लागेल. भारतीने मान हलवली आणि पोरीचा पाय स्वतःच्या हाताने डॉक्टरांसमोर धरला.